केमिस्ट्री सोडू नका, पीयूसीचं गणित तेवढं बघा

निपाणीच्या दादांना नमस्कार. लेक बेळगावात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, सीबीझेडला (केमिस्ट्री, बॉटनी, झूऑलॉजी) आहे. पेशीतल्या प्रोटीनवर केमिकल प्रोबने, म्हणजे खूण लावलेल्या रसायनानं, संशोधन करीन म्हणते. हे काम नेमकं काय, आणि त्यासाठी तिला पुढं बायोटेकला घालू का, असं तुम्ही विचारलंय.

घालू नका.

प्रोटीन तयार झाल्यावर पेशी त्याला फॉस्फेट, साखर, फॅटी ॲसिड असं काहीबाही जोडते. ते कुठं बसणार, काय करणार हे बरंचसं त्यावर ठरतं. पाल्मिटिक ॲसिड हे फॅटी ॲसिड कुठल्या प्रोटीनला चिकटतं हे शोधायचं असेल, तर त्याच्या शेपटाला अल्काइन नावाचा अणूंचा बारीक गट खूण म्हणून लावून ते माणसाच्या पेशींना देतात. गाईच्या कानातल्या बिल्ल्यासारखं. गाय तीच, पण ओळखू येते. पेशी त्याला आपलंच समजून वापरते. मग पेशी फोडायच्या, तांब्याच्या मदतीनं त्या अल्काइनला बायोटिन जोडायचा (त्यावर अल्काइनशी जुळणारा अझाइड गट असतो), त्या बायोटिनला धरून प्रोटीनं वेगळी काढायची आणि रेणूंचं वजन मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरवर ओळखायची. जिवंत पेशीला तांबं सोसत नाही. तांब्याशिवाय ही जोडणी रसायनशास्त्रज्ञ कॅरोलिन बर्टोझींनी साधली. २०२२ च्या केमिस्ट्रीच्या नोबेलमध्ये मेल्डाल आणि शार्पलेस यांच्यासोबत त्याही होत्या.

खरी डोकेफोड पुढं आहे. पेशी हे ॲसिड मोडूनही खाते आणि खूण भलत्याच जागी जाते. म्हणून हायड्रॉक्सिलअमाइन हे रसायन घालून बघतात. त्यानं थायोएस्टर बंध, म्हणजे गंधकामार्फत झालेली जोडणी, तुटतो. खूण गेली, तर ॲसिड प्रोटीनमधल्या सिस्टीन या गंधकवाल्या अमिनो ॲसिडवर बसलं होतं असं मानायला आधार मिळतो. हा विचार ऑरगॅनिक केमिस्ट्री पक्की असलेल्यालाच सुचतो. ३७ अंशांवर पेशी वाढवायला ती लॅबमध्ये शिकेल. केमिस्ट्री मागाहून भरून काढणं फार जड जातं, असं माझं मत.

तेव्हा तिनं जॅमची, म्हणजे आयआयटींच्या एमएस्सीसारख्या अभ्यासक्रमांच्या प्रवेशाची, केमिस्ट्रीची परीक्षा द्यावी. पेपर इंग्रजीत असतो, पण शाळा मराठी असली तरी तिचं सायन्स पीयूसीपासून, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावी-बारावीपासून, इंग्रजीतच आहे. जॅमवरून बेंगळुरूच्या आयआयएससी या विज्ञान संस्थेत इंटिग्रेटेड पीएचडीचा (एमएस्सी आणि पीएचडी एकत्र) रस्ता आहे. खर्चाचं म्हणाल, तर पुढं नेट-जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली की महिन्याला ३७,००० रुपये. उन्हाळ्यात काम मिळतं का, हे तिनं बेळगावातल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) संस्थेत स्वतः जाऊन विचारावं.

एक अडचण मात्र असू शकते. काही आयआयटींच्या एमएस्सी केमिस्ट्रीला बारावीचं गणित लागतं. पीयूसीला ते नसेल, तर कुठं चालतं हे माहितीपत्रकात आत्ताच बघून ठेवा, फॉर्म भरायच्या दिवशी नको.