परड्यात सरडे आणि सापसुरळ्या फार झाल्यात, घरात लहान मूल आहे. कोणतं औषध मारावं?

कसलंही औषध मारू नका. सरडा विषारी नाही, सापसुरळी नाही, पालही नाही. आपल्या देशात यांतलं एकही विषारी नाही. धोका आहे तो औषधाचा, कारण मातीत हात घालून तोच तोंडात घालणारं तुमचं मूलच आहे.

एवढं ठणकावून सांगते, कारण हाच वाद आमच्या घरात वाटणीपर्यंत गेला. आमचं घर बेळगावात, शहापूरच्या जुन्या वस्तीत. मागं लांबट परडं, त्यात कढीपत्ता, अबोली, कुंपणावर दोडक्याचा वेल. एका उन्हाळ्यात जाऊबाईंच्या नातवाला धुण्याच्या दगडाखाली सापसुरळी दिसली आणि थोरल्या दिरांनी घर डोक्यावर घेतलं. काठी मारली तर शेपटी तुटून वळवळत राहिली आणि ती निसटली. म्हणाले, "बघा, विष शेपटीत असतंय." अहो, शेपटी ती स्वतःच टाकते! मांजर त्या वळवळीकडं बघत बसतं, तेवढ्यात ती बिळात. पुढं नवी शेपटी येते. शेजारच्या कानडी काकू तिला हावराणी म्हणतात, त्यांनीही समजावलं. पण दिरांनी दुकानातनं कीटकनाशक पावडर आणून सगळ्या परड्यात टाकली.

सरडे गेले, हे खरं. पण किडे-अळ्या खाणारं कोणी उरलं नाही, पावसाळ्यात दोडक्यावर अळी आली, मग तिच्यासाठी पुन्हा फवारा.

मला वाईट वाटतं ते सरड्याच्या मादीचं. वळीव झाला की ती कढीपत्त्याच्या बुडाशी लाल मातीत खड्डा काढायची, १०-२० अंडी घालायची आणि वरची माती डोक्यानं ठोकून बसवायची, आपण कुंडीतली माती अंगठ्यानं दाबतो तशी. पिल्लं बाहेर यायला दीडएक महिना लागतो, आई परत फिरकत नाही. तेवढ्यात तिथं पावडर पडली की संपलं. नराची मान त्याच दिवसांत लालभडक होते. तो रक्त पितो असं समजून पोरं दगड मारतात. तो बिचारा दुसऱ्या नराला दम देत असतो.

वाटणीत दिरांनी आपल्या निम्म्या परड्याला कोबा केला. बेळगावचा पाऊस केवढा, ते पाणी मुरणार कुठं? सगळं आमच्याकडं येतं. आणि झुरळं त्यांच्याच मोरीत जास्त.

आता तुमच्यासाठी. दाराखालची फट बुजवा, खिडक्यांना जाळी लावा, भिंतीला टेकून विटांचा आणि लाकडांचा ढीग ठेवू नका. एवढ्यानं ती घरात शिरायची कमी होतील. पाल अन्नात पडली तर ते टाकून द्या, विषामुळं नव्हे, तिच्या अंगावरच्या जंतूंमुळं. आणि एक खरं सांगायला हवं: पाली, सापसुरळ्या खायला कवड्या साप येतो. तो बिनविषारी, पण मण्यारही तशीच काळी, पांढऱ्या पट्ट्यांची दिसते आणि ती जीवघेणी. रात्री परड्यात बॅटरीशिवाय जाऊ नका, साप दिसला तर सर्पमित्राला बोलवा. घोरपड आली तर तिला हातही लावू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तिला मारणं गुन्हा आहे.

घरात कोणी वडीलधारं कोब्याचा विषय काढत असेल, तर मोठे आहेत म्हणून गप्प बसू नका. मी बसले नाही, म्हणून आमच्या हिश्शात अजून माती आहे.