मावशीला विचारा: पाहुणे आठला, आपण घरी सातला

यावेळचे बहुतेक प्रश्न एकाच जातीचे आलेत, ऑफिसमधून यायला उशीर होतो, घरी चार माणसं जेवायला येणार, काय करू आणि कधी करू. सगळ्यांना आधी एकच सांगते, दोन भाज्या एक उसळ एक कोशिंबीर आणि वर पापड-कुरडई असला पसारा कामाच्या दिवशी मांडूच नका. आपल्या खानदेशात नाहीतरी बेत एकाच पदार्थाचा असतो, भरिताचा बेत, वरण-बट्टीचा बेत, शेवभाजीचा बेत, आणि कोणी विचारत नाही की दुसरी भाजी कुठंय म्हणून. एकच करा, गरम वाढा, भरपूर करा. आता एकेक घेते.

मावशी, ढाब्यावर मिळते तशी शेवभाजी घरी जमतच नाही. शेव विरघळून त्याचं पिठलं होतं आणि रश्श्याला तर्री (वर तरंगणारं लाल तेल) पण येत नाही. सातला घरी पोचते, आठला सगळे भुकेले असतात. (धुळे)

ताई, शेव आणि तर्री ही दोन वेगळी दुखणी आहेत. आधी शेव. दुकानात "भाजीची शेव" म्हणून मागायची, जाड आणि तिखट येते ती, बारीक शेव भेळेला ठेवा. आणि शेव शिजवायची नसतेच मुळी. रस्सा खदखदत असताना वाढायच्या दोन मिनिटं आधी टाकायची आणि गॅस बंद. घरात एक जण साडेआठला आणि एक जण दहाला जेवणारा असेल (असतोच) तर शेव पातेल्यात टाकूच नका, ताटात शेव घ्या आणि वरून उकळता रस्सा ओता.

आता तर्री. चार माणसांना दोन मोठे कांदे, पाव वाटी सुकं खोबरं, ८-१० लसूण पाकळ्या, इंचभर आलं, मूठभर कोथिंबीर. कांदा आणि खोबरं चांगलं डार्क भाजायचं, खोबरं काळपट झालं तरी चालेल पण जळकट वास यायच्या आत काढायचं, मग सगळं एकदम बारीक वाटायचं. तेल चार मोठे चमचे लागतंच, तिथे हात आखडला तर तर्री विसरा. वाटण तेलात परतायचं ते कडेनं तेल सुटेपर्यंत, आठ-दहा मिनिटं जातात आणि इथेच लोक घाई करतात. मग गॅस बारीक करून लाल तिखट आणि दोन चमचे काळा मसाला, कारण तिखटाचा रंग तेलात उतरतो पाण्यात नाही, पाणी ओतल्यावर तिखट घातलं तर रस्सा नुसता तिखट होतो, लाल होत नाही. नंतर चार वाट्या पाणी, तेही कडकडीत. मीठ जरा कमीच, शेवेत असतं.

आणि सातला येऊन हे सगळं करू नका ना! रविवारी दुप्पट-तिप्पट वाटण करून तेलात परतून गार करा, फ्रीजमध्ये चार-पाच दिवस आरामात राहतं, त्याहून जास्त ठेवायचं तर बर्फाच्या ट्रेमध्ये भरून फ्रीजरला टाका. त्याच वाटणात एक दिवस अंडी, एक दिवस मटकी, एक दिवस पातोड्या (बेसनाच्या वड्या). संध्याकाळी मग वीस मिनिटांचं काम राहतं, त्यात भाकरीचा वेळ धरलेला नाही, भाकरी जमत नसेल तर सरळ पाव आणा, ढाब्यावर पण खातातच की.

ऑफिसच्या १२ जणांना भरीत पार्टी द्यायची आहे. राहतो जळगावात पण फ्लॅटमध्ये, शेत नाही, काड्या नाहीत. गॅसवर भाजलेलं भरीत चालेल का? आणि किती वांगी घेऊ? (जळगाव)

चालेल भाऊ. कपाशीच्या नाहीतर तुरीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याची चव गॅसला येत नाही हे खरं, पण भरिताचा अर्धा मान वांग्याचा असतो आणि ते तर तुमच्या दारात मिळतं. हिरवट-पांढरं, मोठं, बिया कमी, हाताला वजनाच्या मानाने हलकं लागेल असं घ्या, जड वांग्यात बिया जास्त निघतात. बामणोदकडची वांगी लोक नाव घेऊन मागतात ते उगाच नाही, जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन पण मिळालंय. पार्टी थंडीत ठेवा फक्त, उन्हाळ्यातल्या वांग्याला तो गोडवा नाही. जांभळं वांगं घेऊन भरीत पार्टी म्हणू नका, ते वांग्याचं भरीत असेल पण आपलं नाही, माझं मत.

माणशी पाव किलो धरा, म्हणजे ३ किलो. ऐकायला जास्त वाटतं पण भाजून, साल काढून, पाणी गळून बरंच कमी होतं आणि भरीत असलं की माणूस नेहमीपेक्षा जास्त जेवतो.

भाजताना वांग्याला तेलाचा हात लावा आणि सुरीनं दोन-तीन ठिकाणी टोचा, नाहीतर आत वाफ कोंडून वांगं फुटतं आणि शेगडी धुवायला रविवार जातो. जाळीवर, मध्यम आचेवर, फिरवत फिरवत, देठापाशी बोट दाबल्यावर मऊ लागलं पाहिजे, मधला भाग लवकर होतो आणि देठ कच्चा राहतो. धुराचा वास हवाच असेल तर सोललेल्या वांग्यात मध्ये छोटी वाटी ठेवून त्यात पेटलेला कोळसा, वर चमचाभर तेल, आणि पाच मिनिटं झाकण.

आता महत्त्वाचं, भाजणं-सोलणं सकाळीच उरकून फ्रीजमध्ये ठेवा, त्यानं काही बिघडत नाही. संध्याकाळी फक्त ठेचायचं आणि फोडणी. हिरव्या मिरच्या (३ किलोला ३०-४० तरी, कमी तिखट असतील तर अजून) आणि दोन गड्डे लसूण भाजून जाडसर कुटा, मिक्सरमध्ये गुळगुळीत पेस्ट करू नका. वांगं पण हातानं नाहीतर लाकडी मुसळीनं ठेचा. मग भरपूर तेलात शेंगदाणे तळून काढा, त्याच तेलात जिरं, मिरची-लसूण, कांद्याची बारीक चिरलेली पात, ती जरा बसली की वांगं, मीठ, शेंगदाणे, ढीगभर कोथिंबीर. टोमॅटो नाही. गरम मसाला नाही. कोणी सुचवला तर हसून दुसरं काम सांगा त्याला.

सोबत कळण्याची भाकरी हवी, चार भाग ज्वारीला एक भाग अख्खे उडीद आणि मीठ घालून जाडसर दळून आणायची. पण १२ जणांना ३० भाकऱ्या थापणारं कोण आहे घरात ते आधी बघा, कारण वहिनी तव्यापुढे आणि बाकी सगळे गप्पा मारत बसलेत अशी पार्टी मला पटत नाही. पुऱ्या तळा, भरीत-पुरी आपल्याकडे लग्नाकार्यात पण चालते, आणि पुऱ्या लाटायला ऑफिसवाल्यांना पण बसवता येतं. पातीचा कांदा, मुळा, तिखटाला उतारा म्हणून दही. बस, दुसरं काही करू नका.

मावशी, मी शिकायला शिरपूरला रूम करून राहतो. एक कुकर, एक कढई. रोज मॅगी खाऊन कंटाळलो. (शिरपूर)

बाळा, खिचडी. वाटीभर तांदूळ, अर्धी वाटी तुरीची डाळ, धुवून ठेव. कुकरमध्येच तेल, मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण ७-८ पाकळ्या, कांदा, मूठभर शेंगदाणे, हळद, तिखट, काळा मसाला, मग तांदूळ-डाळ दोन मिनिटं परत, चार वाट्या पाणी, मीठ, तीन-चार शिट्ट्या. ताटात वाढल्यावर वरून कच्चं शेंगदाणा तेल घ्यायचं, लाजायचं नाही, आणि पापड. घरून येताना आईकडून बिबडे (ज्वारीचे पापड) आण, महिनोन्महिने टिकतात. उरलेली खिचडी मात्र रात्रभर ओट्यावर ठेवू नकोस, शिजलेल्या भातात असे जंतू वाढतात की नंतर गरम केली तरी त्यांचं विष जात नाही, आणि आपल्याकडचा उन्हाळा म्हणजे पारा ४५ ला टेकलेला. फ्रीज नसेल तर मोजकीच कर.

बट्ट्या दगडासारख्या होतात. परवा पाहुण्यांसमोर फार लाज वाटली. (अमळनेर)

तुमचं पीठ बारीक असणार ताई, पोळीचं. बट्टीला गहू रव्यासारखा जाड दळून आणावा लागतो, त्यात थोडा मका पण टाका दळतानाच. किलोभर पिठाला पाव वाटीपेक्षा जास्तच गरम तेलाचं मोहन, ओवा, जिरं, हळद, मीठ, चिमूट-दोन चिमूट सोडा. मोहन पिठाला चोळल्यावर मुठीत दाबलं तर मूठ बांधली गेली पाहिजे, ही खूण धरा, वाट्या मोजत बसू नका. घट्ट मळून लांबट रोल करा आणि २०-२५ मिनिटं वाफवा, सुरी घालून कोरडी निघाली की झालं. पूर्ण गार होऊ द्या मग कापा, गरम कापले की तुकडे पडतात.

हे सगळं आदल्या रात्री करून ठेवता येतं म्हणून तर पाहुण्यांना हा बेत सोपा. दुसऱ्या दिवशी वरण शिजवायचं, वांग्याची घोटून भाजी करायची, आणि पाहुणे चपला काढत असताना तेल तापवायचं. मध्यम आचेवर तळा, फार मंद आचेवर तेल पितात आणि कडक पण होतात. तळून झाकून ठेवू नका, पानात आल्या की कुस्करायच्या, वर वरण, वर तूप. एकाच वेळी सगळ्या तळल्या तर दुसऱ्या पंगतीला पुन्हा दगडच, हे लक्षात ठेवा.

मुलीचे सासरचे पुण्याहून येणार आहेत, पहिल्यांदाच. त्यांना तिखट अजिबात चालत नाही. आमच्या घरात तिखटाशिवाय काही होतच नाही! (चाळीसगाव)

व्याही मंडळींना पनीर करून घालायचा विचार चालला असेल तर सोडून द्या, पनीर पुण्यात पण मिळतं. फुणके आणि कढी करा. तुरीची डाळ चार तास भिजवून पाणी निथळून जाडसर वाटा, दोनच मिरच्या, लसूण, जिरं, हळद, मीठ, चिरलेली मेथी नाहीतर पात, मुठीनं वळून १५-२० मिनिटं वाफवा. वाफेवर झालेले म्हणून पोटाला पण हलके, आणि खाताना कुस्करून वर तेल किंवा तूप, वर कढी. कढीला ताकात बेसन आधीच नीट घुसळून घ्या, उकळी येईपर्यंत ढवळत राहा आणि मीठ शेवटी, म्हणजे फुटत नाही. तुमच्या घरच्यांना लाल मिरचीचा ठेचा वेगळ्या वाटीत द्या. आणि बघा, व्याही तीच वाटी मागतील.

रोजच्या जेवणात अचानक कोणी आलं तर गोड काय करायचं? मला खापरावरच्या (पालथ्या मातीच्या भांड्यावर भाजतात त्या) पुरणपोळ्या येत नाहीत. (नंदुरबार)

खापरावरची पोळी ही हातावर वाढवत न्यायची कला आहे, ती अचानक आलेल्या पाहुण्यासाठी नाहीच, सणाला करणाऱ्या बायकांकडून ऑर्डर देऊन मागवा आणि त्यांना पैसे नीट द्या. घरी शिकरण करा. पिकलेली केळी, गार दूध, साखर, वेलची, जरा जायफळ. दूध-साखर-वेलची आधी एकत्र करून फ्रीजमध्ये ठेवा, केळी मात्र सगळे जेवायला बसल्यावरच कापा, आधी कापली की काळी पडतात आणि शिकरण पातळ होते. चार माणसांना पाच केळी, अर्धा लिटर दूध, आणि लहान मुलं असतील तर सहावं केळं कापायला तयार ठेवा.