ठाण्यात, छोट्या खोलीत कमी आवाजाचा गेमिंग संगणक बेताच्या पैशांत कसा जुळवावा?

घोडबंदर रोडवरील वन-बीएचकेत, घरच्यांची झोप न मोडता रात्री खेळता येईल असा संगणक आपल्याला हवा आहे. आवाज मुख्यत्वे पंख्यांचा असतो आणि पंखे उष्णतेमुळे वेग घेतात. म्हणून मुळात कमी वीज खाणारे भाग निवडणे हाच स्वस्त उपाय होय. रायझन ५ ५६०० हा ६५ वॉटचा, सहा कोअरचा प्रोसेसर १०८०पी (फुल एचडी) खेळांना पुरेसा आहे. मात्र त्यासोबत मिळणारा बुटका कूलर खेळ रंगात आला की घोंघावू लागतो, तेव्हा त्याऐवजी १२० मिलिमीटर पंख्याचा साधा टॉवर कूलर बसवावा.

खरी गोम ग्राफिक्स कार्डात आहे. एकाच चिपची कार्डे निरनिराळ्या कंपन्या विकतात. त्यांपैकी मोठ्या हीटसिंकचे (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांचे), भार नसताना पंखे पूर्ण थांबवणारे कार्ड मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या संगणक-बाजारात थोडे अधिक मोजून घेतले तरी ते पैसे वसूल होतात. मॉनिटर ६० हर्ट्झचा असल्यास फ्रेम रेटही (सेकंदाला तयार होणारी चित्रे) ६० वर बांधावा; कार्डावरचा भार, आणि त्यासोबत आवाज, फुकटात उतरतो.

आवाज दाबण्यासाठी फोम लावलेली बंदिस्त कॅबिनेट आपल्याकडच्या मे महिन्यात, एसी नसलेल्या खोलीत, उष्णता कोंडून उलट त्रासदायक ठरते. पुढे जाळी आणि धुता येणारा फिल्टर असलेली कॅबिनेट बरी, कारण घोडबंदरची धूळ आपण जाणताच. फिरत्या तबकडीमुळे आवाज करणारी हार्ड डिस्क टाळून एसएसडी घ्यावी, पॉवर सप्लायमध्ये मात्र काटकसर करू नये, आणि शेवटी बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) पंख्यांचा वेग तापमानानुसार हळूहळू वाढेल असा लावून घ्यावा.