जपानचा फुटबॉलपटू शुनसुके नाकामुराला एवढं का मानतात?

मुख्य म्हणजे डाव्या पायाची फ्री किक (फाऊलनंतर मिळणारी किक)! २००६ ला चॅम्पियन्स लीगमधे (युरोपातल्या क्लबांची स्पर्धा) ग्लासगोच्या सेल्टिक क्लबकडून खेळताना मँचेस्टर युनायटेडला दोन्ही मॅचमधे फ्री किकवर गोल मारलेत त्याने, पहिली मॅच हरले पण घरची, ग्लासगोची १-० जिंकले, त्यात बॉल समोर उभ्या खेळाडूंच्या भिंतीवरून वळून थेट गोलच्या वरच्या कोपऱ्यात, युनायटेडचा गोलकीपर व्हान डेर सारचा हातच पोचला नाही आणि सेल्टिक पुढच्या राऊंडला.

बाकी करिअर म्हणजे जपानमधे योकोहामा, इटलीत रेजिना, मग सेल्टिक, थोडे दिवस स्पेनमधे एस्पान्योल (तिथे काही जमलं नाही) आणि परत योकोहामा. २००२ च्या वर्ल्डकप टीममधून त्याला वगळलं ते मला आजही पटत नाही. २०१३ ला पस्तिशीत दुसऱ्यांदा जे लीगचा (जपानची लीग) एमव्हीपी म्हणजे सर्वोत्तम खेळाडू झाला, रिटायर थेट २०२२ ला.