समुद्रावर जाण्याआधी ध्रुव मोजून घे

अमळनेर,
कार्तिक वद्य पंचमी

प्रिय बेटा,

तुझं पत्र मिळालं असं लिहिणार होतो, पण ते पत्र कुठलं? रात्री साडेबाराला पाठवलेले सात निरोप होते. डिसेंबरात चौघी मैत्रिणी मिळून तीन दिवस समुद्रावर जाणार, तारे बघणार, चांगलंचुंगलं खाणार. तर कुठला बीच, कुठलं रिसॉर्ट, दुर्बीण कुठली घेऊ. मोबाइलवर एवढं उत्तर लिहायला माझा अंगठा चालत नाही. म्हणून आपला कागद घेतला. तुझ्या बाबांकडे देतो, ते तुला फोटो काढून पाठवतील.

तू सात प्रश्न विचारलेस आणि आठवा, जो पहिला हवा होता, तोच राहिला: तिथी कोणती?

हसू नकोस. मी पहिल्यांदा दिवेआगरला गेलो तो शाळेला सुटी होती म्हणून. कॅलेंडरात फक्त लाल आकडा बघितला. निघालो पौर्णिमेला! मार्गशीर्षातला चंद्र आपल्याकडे मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर येतो. वाळूवर वर्तमानपत्राचे मथळे वाचता येत होते, आणि आकाशात मोजून वीस-पंचवीस तारे. दुसऱ्या खेपेला शहाणा होऊन अमावास्या धरली. संध्याकाळी पाणी लांब गेलेलं, पुळण ऐसपैस पसरलेली. ओल्या वाळूच्या अलीकडे, छान सपाट जागा बघून आम्ही सतरंज्या टाकल्या. साडेदहाच्या सुमाराला मी कृत्तिका दाखवत होतो आणि पायाला गार लागलं. माझी एक चप्पल आणि एका सहकाऱ्याचा थर्मास समुद्राने नेला तो नेलाच.

दुसऱ्या दिवशी खाणावळीतल्या काकूंनी हिशेब सांगितला. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं. येईल ती भरतीची वेळ. अष्टमी असली तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. अमावास्येला पंधरा धरायचे: सव्वाअकरा. तिथून सहा तासांनी ओहोटी. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, पण जीव वाचवायला पुरतो. मी तीस वर्षं गणित शिकवलं आणि हे मला शिळ्या भाकरीचा कुस्करा करता करता एका बाईने शिकवलं.

यातली गोम लक्षात घे. ताऱ्यांसाठी हवी अंधारी रात्र, म्हणजे अमावास्येच्या आगेमागे चार दिवस. पण त्याच दिवसांत उधाणाची भरती असते आणि ती ऐन मध्यरात्रीच्या जवळ येते. संध्याकाळी समुद्र जेवढा लांब दिसेल तेवढाच रात्री जवळ येणार. तेव्हा वाळलेल्या शेवाळाची, काटक्या-शिंपल्यांची जी रेघ वाळूवर दिसते, तिच्याही वर, सुरूच्या झाडांकडे बसा. आणि गाडी वाळूत घालू नका. मैत्रिणींपैकी एकीला तरी ती हुक्की येईलच.

रिसॉर्टचं मला विचारू नकोस. एकच बघ: रात्री समुद्राकडे तोंड करून हॅलोजन लावतात का. एका ठिकाणी आम्ही रात्रभर विनवण्या केल्या, मालक म्हणाला, पाहुण्यांना भीती वाटते. वाटत असेल बापडी. पण त्या दिव्यात मृगसुद्धा दिसेना. त्यापेक्षा वाडीतली साधी खोली घे, सुपारीच्या बागेतली, आणि मालकिणीला आधीच सांग की आम्ही रात्री अंगणातला दिवा घालवणार.

आता दुर्बीण. मोठी घेऊ नकोस. मोठी दुर्बीण हौसेने येते आणि कपाटावर चढते. माझी चढलेलीच आहे. सात गुणिले पन्नास किंवा दहा गुणिले पन्नासचा (म्हणजे सातपट किंवा दहापट मोठं दाखवणारा, पन्नास मिलिमीटर भिंगाचा) द्विनेत्री बायनॉक्युलर घे. कृत्तिकांचा पुंजका, मृगाच्या तलवारीतला तेजोमेघ, देवयानी तारकासमूहातली दीर्घिका, म्हणजे गॅलेक्सी, एवढं त्यात दिसतं. देवयानीचा तो पुसट डाग २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे, पण बघताना आकडा विसर, नाहीतर डाग बघायचा राहून जातो. टॉर्चला लाल कागद लाव. अंधाराला डोळे सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि मोबाइल एकदा उघडला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. चौघींचे चारही मोबाइल एका पिशवीत घालून पिशवी तुझ्याकडे ठेव. शिव्या खाशील, चालेल.

पण खरं सांगू? बायनॉक्युलर आणि समुद्र दोन्हींच्या आधी घरच्या गच्चीवर चार रात्री काढ. नवीन ठिकाणी आकाश नवीन असून चालत नाही. गावच नवं, वारा नवा, त्यात तारेही अनोळखी असले तर माणूस 'वा, किती तारे!' म्हणतो आणि दहा मिनिटांत झोपायला जातो.

मला हे आकाश कुणी शिकवलं नाही. हिवाळ्यात शेतावर लाईट रात्रीची असायची. आप्पा गव्हाला पाणी भरायला जायचे, कंदील धरायला मी. वाफा भरेपर्यंत बांधावर गोधडी गुंडाळून बसायचं आणि वर बघायचं. आप्पांना नक्षत्रांची नावं पंचांगातली यायची नाहीत. मृगाच्या पट्ट्यातले तीन तारे म्हणजे तिकांडं. सप्तर्षी म्हणजे खाटलं, आणि मागचे तीन तारे म्हणजे ते चोरून नेणारे चोर. तिकांडं मावळतीकडे पुरतं कललं की पहाट जवळ आली, आता लाईट जाणार. घड्याळ घरी आलं तरी आप्पा वरच बघायचे. आजही आपल्याकडे सर्वांत जास्त आकाश कोण बघतं म्हणशील तर रात्रपाळीच्या विजेवर पाणी भरणारा शेतकरी. त्याला कुणी खगोलप्रेमी म्हणत नाही एवढंच.

तर गच्चीवर हे कर. हात लांब ताणून मूठ धर. मुठीची रुंदी आकाशात साधारण दहा अंश. उत्तरेकडे तोंड करून शर्मिष्ठा शोध; डिसेंबरात संध्याकाळी सप्तर्षी खाली असतात, म्हणून इंग्रजी एम अक्षरासारखी ही पाच ताऱ्यांची आकृती उपयोगी पडते. तिच्या खालच्या अंगाला, आसपास एकटाच असलेला मध्यम तेजाचा तारा म्हणजे ध्रुव. क्षितिजापासून मुठीवर मूठ ठेवत जा. आपल्या अमळनेरात दोन मुठी आणि वर थोडं, म्हणजे २१ अंश. हा आकडा कुठे पाहिलायस? भूगोलाच्या नकाशात. आपलं गाव २१ अक्षांशावर आहे. दिवेआगर १८ च्या जरासं वर आहे. तिथे ध्रुव दोन मुठींच्याही खाली आलेला असेल. तीन अंश, म्हणजे जेमतेम दीड-दोन बोटं. पण ती बोटं तुझी स्वतःची असतील. पृथ्वी गोल आहे हे तू पाचवीत पाठ केलंस, या खेपेला मोजून ये.

यात नवं काही नाही म्हणा. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, सिद्धान्तशिरोमणी लिहिला. विषुववृत्तावरच्या माणसाला दोन्ही ध्रुव क्षितिजाला टेकलेले दिसतात आणि तो उत्तरेला सरकत जाईल तसा ध्रुव वर चढतो, हे त्यात आहेच. आणि त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला तो कुठे? आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणला. तिथल्या देवळातला १२०७ चा शिलालेख तेच सांगतो. पाटणादेवीला आपण नवस फेडायला जातो, भरल्या पोटाने धबधबा बघतो आणि परत येतो. मीसुद्धा चाळिशीपर्यंत तेच केलं.

उत्तरेत जे खाली जातं ते दक्षिणेत वर येतं. त्यासाठी अगस्ती बघ. तिकांड्याची रेघ खाली वाढवली की व्याध, आकाशातला सगळ्यांत तेजस्वी तारा. व्याधाच्या साधारण सरळ खाली साडेतीन मुठींवर दुसरा ठळक तारा दिसतो तो अगस्ती. डिसेंबरअखेर मध्यरात्रीच्या सुमाराला दोघंही दक्षिणेला सर्वांत उंच असतात. आपल्याकडे अगस्ती जेमतेम सोळा अंशांपर्यंत चढतो, धुरळ्यात आणि कपाशीच्या वाळक्या काड्या, म्हणजे पऱ्हाट्या, जाळल्याच्या धुरात बऱ्याचदा तांबूस लुकलुकतो. दिवेआगरला तीन अंश वर. एवढ्याने त्याचं रूप पालटतं. व्याधाचा आज दिसणारा प्रकाश तिथून निघाला तेव्हा तू नववीत होतीस, माझ्या वर्गात, मागच्या बाकावर. अगस्तीचा निघाला सुमारे ३१० वर्षांपूर्वी, साताऱ्याला शाहू महाराज होते तेव्हा.

आणखी एक. आपला समुद्र पश्चिमेला. म्हणजे उगवणारं सगळं तुमच्या पाठीमागून, नारळाच्या झावळ्यांतून वर येणार, आणि समुद्रात फक्त मावळणारं दिसणार. सगळे समुद्राकडे तोंड करून बसतात आणि संध्याकाळी मृग कुठे म्हणून विचारतात! तेव्हा संध्याकाळी पाठ फिरवा. पहाटे पाचला मात्र उठाच. तेव्हा तेच तिकांडं पाण्याकडे कललेलं असतं. तारखा जुळल्या तर १३-१४ डिसेंबरची रात्र धर, मिथुन राशीकडून उल्का येतात, त्यांना बायनॉक्युलर लागत नाही, पाठीखाली सतरंजी पुरते. कोकणात आपल्यासारखी हाडं गोठवणारी थंडी नसते, पण दव पडतं. पांघरायला जाड चादर आणि काच पुसायला सुती फडकं ने.

आता खाणं, ज्याच्यासाठी तू हे पत्र इथपर्यंत वाचलंस.

आपली माणसं कोकणात जातात आणि दुसऱ्याच दिवशी शेवभाजी शोधतात. असं करू नकोस. तिथली आमटी फिक्की लागेल, भाजीत खोबरं दिसेल, गप्प खा. तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, सोलकढी. तू मासे खातेस हे मला माहीत आहे, आईला सांगणार नाही. उकडीचे मोदक हवे असतील तर सकाळीच सांगून ठेवावे लागतात. दुपारी एक वाजता मागितले तर मिळणार नाहीत, आणि मिळालेच तर ते सकाळचे असतील. जानेवारीत गेलीस तर रायगडात पोपटी विचार. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा, मीठ, कांदे-बटाटे, कुणी अंडी किंवा कोंबडीही घालतात. पाण्याचा थेंब नाही. तोंड पाल्याने बंद करून मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती जाळ. ते बघून मला आपली भरीतपार्टी आठवली. तोच हिवाळा, तीच शेतातली शेकोटी, तसाच गोतावळा. फक्त आपल्याकडे जाळात वांगी.

वाटेत खायला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी ने. मांडे नेऊ नकोस, चुरा होतो. आमच्या घरातून निरोप आहे, "तिले सांग, कयन्यानं पीठ लई जाय." म्हणजे कळण्याचं पीठ घेऊन जा: ज्वारीच्या चार वाट्यांना उडदाची एक, मीठ घालून दळलेलं. खोलीच्या मालकिणीला दे, भाकरी तू थाप. तिला आवडेल की नाही सांगता येत नाही, पण त्या रात्रीच्या जेवणात गप्पांना विषय मिळेल, आणि असल्या बायकांकडेच भरतीचे हिशेब असतात.

जाण्याआधी एका शनिवारी इकडे ये. भालोद-बामणोदकडची हिरवी-पांढरी लांब वांगी आता बाजारात यायला लागलीत. भाजायला पऱ्हाट्याच हव्यात. गॅसवर भाजलेल्या वांग्याला भरीत म्हणणाऱ्याशी मी वाद घालत नाही, फक्त त्याच्याकडे जेवायला जात नाही. लसूण-मिरची, कांद्याची पात, शेंगदाणे, खोबऱ्याचे तळलेले काप. टोमॅटोचं नाव काढायचं नाही. जाळ विझला की अर्धा तास निखाऱ्यांकडे बघायचं नाही, आणि मग गच्चीवर जाऊन तुझ्या मुठीने ध्रुव मोजायचा. तो आकडा वहीत लिहून घे. दिवेआगरचा शेजारी लिहायला जागा सोड.

पऱ्हाट्या तुझ्या बाबांच्या वावरातून आण. वांगी माझ्याकडे लागली. भाजलेली वांगी ठेचायची लाकडी बडगी दोन वर्षं माळ्यावर होती, काल काढून धुऊन उन्हात ठेवली आहे.

तुझे,
सर

ता. क. श्रीवर्धनची रोठा सुपारी मिळाली तर पावशेर आण. तुझ्या काकूंनी पत्र पाकिटात घालण्याआधी हे लिहायला लावलं.