पहाटेची मॅच आणि भडंगाची लीग

मार्चमध्ये हळदीचे सौदे जोरात असतात, त्यामुळे या बास्केटबॉलच्या सदराला आलेली या आठवड्याची पत्रं मार्केट यार्डातल्या दुकानात वजनकाट्याशेजारीच पडून राहिली. दोन पाकिटांना हळद लागलीय. त्यातलं एक एका बाईंचं आहे. आतला मजकूर वाचल्यावर हळद पुसायचंही धाडस झालं नाही. तेच आधी घेतो.

आमचे मिस्टर तुमचं सदर वाचून एनबीए, ती अमेरिकेतली बास्केटबॉलची लीग, बघायला लागले. इतके दिवस अलार्म सव्वापाचला वाजायचा, आता या आठवड्यापासून सव्वाचारला वाजतोय. हे तुम्ही सांगितलंत का? आमचा दूधवालासुद्धा सहाला येतो.
– झोपमोड, विश्रामबाग

ताई, शप्पथ, मी नाही सांगितलं. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात. त्यांची संध्याकाळी सातची मॅच थंडीत आपल्याकडे पहाटे साडेपाचला असते, ती आता साडेचारला. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा तासभर मागे जाईल. तोपर्यंत तुमच्या घराला इलाज एकच, मिस्टरांना संघ बदलायला लावा. बोस्टन, न्यूयॉर्क सोडून पश्चिमेचा संघ धरायचा. लॉस एंजेलिसची साडेसातची मॅच सध्या आपल्याकडे सकाळी आठला सुरू होते, म्हणजे आंघोळ, देवपूजा आटोपून चहाबरोबर.

आमच्या घरचं विचाराल, तर मी गेली बारा वर्षं अंधारात चहा करतो. इअरफोन असतात, मोबाईलचा उजेड कमी केलेला असतो, फक्त गॅस लायटरचा टक्-टक् आवाज काही केल्या दाबता येत नाही. तेवढ्यावरून आतल्या खोलीतून आवाज येतो, 'किती झाले?' काळजीपोटी विचारलेलं नसतं ते.

बास्केटबॉलमध्ये २४ सेकंदांतच का टाकायचा बॉल? २५ का नाही, ३० का नाही? कबड्डीत चढाईला ३० सेकंद असतात.
– इयत्ता आठवी, तासगाव

शाब्बास, प्रश्न असा पाहिजे. पूर्वी वेळेचं बंधनच नव्हतं. पुढे असलेला संघ बॉल घेऊन नुसता खेळवत बसायचा. २२ नोव्हेंबर १९५० ला फोर्ट वेनने मिनियापोलिसला १९-१८ असं हरवलं. अठ्ठेचाळीस मिनिटांच्या खेळात दोघांचे मिळून ३७ गुण! लोक तिकीट काढून येतात, झोपायला नाही येत. तेव्हा सिरॅक्यूज संघाचा मालक होता डॅनी बियासोन, मूळ धंदा बोलिंगचा, म्हणजे बॉल घरंगळत सोडून बाटल्या पाडायच्या खेळाचा. त्याने साधा हिशोब केला. ज्या मॅच बघायला मजा येते त्यांत दोन्ही संघ मिळून साधारण १२० वेळा बास्केटवर नेम धरतात. मॅच ४८ मिनिटांची, म्हणजे २८८० सेकंद. भागिले १२०. आता तूच करून बघ. मी सौद्याच्या पट्टीच्या पाठीमागे करून बघितलं, बरोबर २४ येतात. १९५४ पासून तो नियम आहे. भागाकार कशाला शिकायचा, असं कुणी वर्गात म्हणालं तर त्याला हे सांग.

तुम्ही सारखा त्या 'योकिच'चा जप करता. माणूस धावत नाही, उडी मारत नाही, पोटही सुटल्यासारखं दिसतं. त्यापेक्षा आमचा खोंड बरा. त्याच्यात असं काय आहे?
– बैलगाडीवाला, कवठेमहांकाळ

पाहुणं, तुम्हीच हा प्रश्न विचारावा, याची गंमत वाटली. कारण सगळ्या एनबीएत तुमच्या जातकुळीचा माणूस तो एकच.

निकोला योकिच सर्बियातल्या सोम्बोर गावचा. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, डेन्व्हरने त्याला ४१ व्या नंबरवर उचललं. त्या क्षणी टीव्हीवर त्याचं नाव सांगायचं सोडून खाण्याच्या पदार्थाची जाहिरात चालली होती. तो स्वतः घरी झोपलेला. पुढे तीनदा तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला, २०२१, २०२२ आणि २०२४ ला. २०२३ च्या जूनमध्ये डेन्व्हरला पहिल्यांदा चॅम्पियन केलं, आणि गावभर मिरवणूक आहे म्हटल्यावर याचा चेहरा पडला. कारण घरी रविवारी घोड्यांची शर्यत होती! आपल्याकडे त्याच्या आदल्याच महिन्यात सुप्रीम कोर्टाने बैलगाडी शर्यतीचा कायदा कायम केला होता. तुमच्याकडे गुलाल पडला असेल तेव्हा हा बाबा तिकडे विमानाची वेळ विचारत होता.

आता त्याच्या शर्यतीचा प्रकार ऐका. घोड्यावर बसत नाहीत. मागे दोन चाकांचा हलका गाडा जोडतात, आपल्या छकड्यासारखाच, आणि हाकणारा त्यावर बसतो. नियम असा की घोड्याने दुडक्या चालीनेच पळायचं. चौखूर उधळला की त्याला आवरून परत चालीवर आणायचं, नाहीतर बाद. म्हणजे जो सगळ्यात जोरात पळू शकतो तो जिंकत नाही. आपली चाल न मोडता जो सगळ्यात जोरात पळतो तो जिंकतो.

हे कळल्यावर मी त्याच्या मॅच वेगळ्या बघायला लागलो. तुम्हीही एकदा पाच मिनिटं बॉल सोडून नुसते त्याचे पाय बघा. बाकीचे नऊ जण उधळलेले असतात. हा दुडक्या चालीत येतो, मधल्या पट्ट्यात उभा राहतो, बॉल डोक्यावर धरतो आणि मान एका बाजूला करतो. समोरचा त्या बाजूला झुकला की बॉल दुसरीकडून निघालेल्या गड्याच्या हातात. पोटाचं म्हणाल तर खोंडाला आपण डोळे, खूर, वशिंड बघून घेतो, ढेरी बघून नाही.

मी अकरावीत आहे, उंची पाच फूट पाच इंच. बास्केटबॉल सोडून देऊ का?
– एक विद्यार्थी, पलूस

मग्सी बोग्स एनबीएत चौदा हंगाम खेळला. उंची पाच फूट तीन इंच. आणि आपल्या देशातून ड्राफ्ट झालेला पहिला खेळाडू सतनाम सिंग सात फूट दोन इंचांचा. २०१५ ला डॅलसने त्याला घेतलं, पण एनबीएची एकही मॅच त्याच्या वाट्याला आली नाही. उंचीचं काय ते यावरून बघ. डाव्या हाताने ड्रिबल येतो का? नसेल तर त्याचं पत्र लिही, उंचीचं नको.

बास्केटबॉलवरचा एखादा चांगला सिनेमा सांगा. शेवटच्या सेकंदाला बॉल टाकून जिंकतात तसला नको, कंटाळा आला.
– नाट्यवेडी, गावभाग

तुम्ही सांगलीच्या, विष्णुदास भाव्यांच्या गावच्या, त्यामुळे खोटं रडणं तुम्हाला लगेच कळणार. म्हणून 'हूप ड्रीम्स' बघा. १९९४ चा माहितीपट आहे, जवळजवळ तीन तासांचा. विल्यम गेट्स आणि आर्थर एजी या शिकागोतल्या दोन मुलांच्या मागे कॅमेरा काही वर्षं फिरतो. मॅच भरपूर आहेत, पण माझ्या लक्षात राहिला तो फीचा भाग. चांगल्या शाळेने खेळ बघून आर्थरला घेतलं, आणि फीचे पैसे थकल्यावर त्याला बाहेर पडावं लागलं. घरची वीज तुटते तेव्हा अंधारात बसलेली माणसं दिसतात. यातलं काहीही कुणी लिहून दिलेलं नाही. त्या वर्षी ऑस्करच्या माहितीपट विभागात याला नामांकनसुद्धा नव्हतं, फक्त संकलनासाठी मिळालं. परीक्षकांना शेवटच्या सेकंदाचा बॉल पाहिजे असेल.

माझा स्वतःचा पहिला बास्केटबॉलपटू मात्र मी बास्केटबॉल न बघता बघितला. मिरजेच्या एका टॉकीजमध्ये ब्रूस लीचा 'गेम ऑफ डेथ' लागला होता. शाळा बुडवून गेलो होतो. त्यात शेवटी एक ताडमाड काळा माणूस येतो, काळा चष्मा लावलेला, आणि ब्रूस लीच्या पिवळ्या सूटवर छातीच्या मधोमध भला मोठा पाय उमटवतो. धुळीचा तो ठसा पुढची सगळी मारामारी तसाच राहतो. आम्ही परत येताना एसटीत त्या पावलाचं माप काढत होतो, सीटच्या पाठीवर वीत लावून. तो करीम अब्दुल-जब्बार होता हे मला नोकरीला लागल्यावर कळलं. एनबीएतला सर्वाधिक गुणांचा त्याचा ३८,३८७ चा विक्रम २०२३ पर्यंत टिकला, मग लेब्रॉन जेम्सने मोडला. त्या दिवशी मी दुकानात सगळ्यांना पेढे वाटणार होतो, पण कुणासाठी वाटायचे ते ठरेना. तसेच राहिले.

फॅन्टसी टीम (खरे खेळाडू निवडून कागदावर केलेला आपला संघ) लावून महिन्याला पंधरा-वीस हजार सुटतात असं एक ओळखीचा सांगतो. टेलिग्रामवर ग्रुप आहे. जमेल का?
– सुटे पैसे, कुपवाड

नाही. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद झालेत, फॅन्टसी त्यातच आली. आता जे चाललंय ते चोरून. आमच्या नात्यातल्या एका पोराची दुचाकी, कायदा यायच्या आधीच, एका अ‍ॅपमध्ये गेली. पेट्रोल टाकीवरचं गणपतीचं स्टिकर तेवढं त्याने सोलून घरी आणलं. ओळखीच्याला म्हणावं, सुटतात तर तू टेलिग्रामवर लोकं कशाला गोळा करतोस?

तुमच्या भडंगाच्या लीगमध्ये जागा आहे का? आणि 'फॅन्टसीमुळे खेळ जास्त कळतो' असं तुम्ही मागे लिहिलं होतं, ते मला अजिबात पटलेलं नाही. आमच्या होस्टेलवर सगळे आकडेच बघतात, मॅच कुणी बघत नाही.
– एक कॉलेजकुमार, मिरज

आधी इतरांसाठी सांगतो. आम्ही आठ जण आहोत. दोन शिक्षक, एक औषध दुकानदार, एक एसटीतला, बाकी यार्डातले. दसरा झाला की एका रविवारी दुकानात रिकाम्या पोत्यांवर बसून ड्राफ्ट करतो. एक ते आठ अशी पाळी, मग उलटी आठ ते एक, सापासारखी. प्रत्येकाचे तेरा खेळाडू. हिशोबाचे नऊ खाने: गुण, रिबाउंड (हुकलेला बॉल पकडणं), असिस्ट (ज्यावर बास्केट होतं तो पास), स्टील (बॉल हिसकावणं), ब्लॉक (समोरच्याचा नेम अडवणं), तीन गुणांचे बास्केट, नेमाच्या दोन प्रकारच्या टक्केवाऱ्या आणि टर्नओव्हर (बॉल घालवणं), जो जितका कमी तितका बरा. आठवड्याला नवापैकी पाच खाने मारले की जिंकलात. पैसा एक रुपया नाही. हंगामाच्या शेवटी जो तळाला, त्याने सगळ्यांना भडंग घालायचं.

आता तुझा मुद्दा. मी लिहिलं होतं ते अर्धंच खरं आहे. फॅन्टसीमुळे हरणाऱ्या संघांतले खेळाडू कळतात. वॉशिंग्टनचा बदली खेळाडू कोण, हे सांगलीत माहीत असायचं दुसरं काही कारण नाही. पण हळद घ्यायला येणारा व्यापारी नुसता ढिगाकडे बघत नाही. हळकुंड उचलतो, मोडतो, कट् आवाज आला की आतला रंग बघतो. आमचे नऊ खाने म्हणजे पोत्यावरचं वजन. स्टीव्हन अ‍ॅडम्ससारखा गडी भिंतीसारखा वाटेत उभा राहतो, बचाव करणारा त्याच्यावर आदळतो, मागे नेमबाज मोकळा सुटतो. आमच्या कागदावर गुण नेमबाजाला, अ‍ॅडम्सला भोपळा. मीच त्याला दोनदा सोडून दिलाय.

आणि एक सांगतो, जे मागच्या वेळी लिहायचं टाळलं. आमच्यात एक खेळाडू पुढच्या वर्षासाठी राखून ठेवता येतो. माझा राखीव होता टायरीस हॅलिबर्टन, इंडियानाचा. २०२५ च्या फायनलची पहिली मॅच त्याने ०.३ सेकंद उरले असताना जिंकून दिली, तेव्हा मी इतका ओरडलो की आतल्या खोलीतून नुसतं 'किती झाले' नाही, बरंच काही आलं. मग २३ जूनचा सोमवार, सातवी मॅच, ओक्लाहोमा सिटीत. पोटरी आधीच दुखावलेली, तरी त्याने आल्या आल्या तीन गुणांचे तीन बास्केट टाकले. सहा वाजत आले होते. बॉल घेऊन वळायला गेला आणि कुणी न लागता खाली पडला. टाचेमागची अकिलीसची नस तुटली होती. मी मोबाईल उचलला आणि आमच्या ग्रुपवर लिहिलं, 'माझा राखीव गेला. बदलून दुसरा धरला तर चालेल का?'

आमचा क्रीडाशिक्षक काय म्हणाला ते सांगतो. 'अरे, पोरगं जमिनीवर हात आपटतंय, बघ तरी.'

मी बघत नव्हतो. लिहीत होतो. मॅच १०३-९१ अशी ओक्लाहोमाने घेतली, ते मी दुकानात गेल्यावर वाचलं. मेसेज अजून ग्रुपवर आहे. पोरं अधूनमधून वर काढतात.

हॅलिबर्टन २०२५-२६ चा सगळा हंगाम बाहेर राहणार हे संघाने जुलैतच जाहीर केलं. ऑक्टोबरमध्ये पोत्यांवर बसलो, माझी पाळी आली, राखीव कोण म्हणून विचारलं, तर मी त्याचंच नाव सांगितलं. औषध दुकानदार म्हणाला, चहा उतरला नाही काय अजून? एक जागा वर्षभर अडवून ठेवलीय. सध्या आठांत सातवा आहे आणि आठव्याचे खेळाडू बरे होऊन परत येतायत.

तेव्हा जागेचं असं आहे. एसटीतल्याची साताऱ्याला बदली व्हायची आहे. झाली तर ऑक्टोबरमध्ये ये. त्याआधी एप्रिलमधल्या भडंगाला आलास तरी चालेल, बहुतेक मीच आणणार आहे. कांदा तेवढा तू चिरून आण, दुकानात सुरी नाही.