महाद्वार रोड की राजारामपुरी? लग्नाच्या खरेदीबद्दल

ताई, बहिणीच्या लग्नाची खरेदी कोल्हापुरात एका दिवसात उरकायची आणि महाद्वार रोड की राजारामपुरी यात अडलाय, असं तुम्ही लिहिलंय. तयार कपडे, ब्रँडेड शोरूम हवे असतील तर राजारामपुरी मेन रोड बरा. कोल्हापुरी साज (गळ्यातला सोन्याचा दागिना), चप्पल, पूजेचं सामान म्हणाल तर जुनं गावच, म्हणजे महाद्वार रोडचा भाग. एकच दिवस आहे ना, मग सरळ महाद्वार करा.

गाडी बिंदू चौकात लावा आणि विसरा. मिरजकर तिकटीवरून बिनखांबी गणेश मंदिरापाशी या, तिथून पापाच्या तिकटीपर्यंत चालत जा. साड्या, बांगड्या, भांडी, इमिटेशन दागिने, सगळं ओळीनं लागतं. माझं मत असं की महाद्वार रोड बघायला, खरेदी बोळात. दर्शनी दुकानात बाहेरगावचं गिऱ्हाईक लगेच ओळखतात, बाकी समजून घ्या.

साजासाठी गुजरी, म्हणजे सराफ बाजार गाठा, अंबाबाईच्या देवळाच्या पुढं गेलात की उजव्या हाताला. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: पारंपरिक साजाच्या पानड्यांत (ओवलेल्या नक्षीदार पदकांत) आतून लाख भरलेली असते. वजन सांगितलं की "लाखेसकट की निव्वळ सोनं?" हे तोंडावर विचारा आणि बिलावर तसंच लिहून घ्या. पुढं मोडायची वेळ आली तर लाखेचे पैसे कुणी देत नाही. चांगला सराफ न विचारताच सांगतो.

चप्पल लाईन शिवाजी चौक–पापाची तिकटी भागात. २०१९ ला कोल्हापुरी चपलेला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, २०२५ ला प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं मिलानमध्ये तसलीच चप्पल दाखवल्यावर तर सगळ्या जगाला कोल्हापुरी आठवली. खरी कशी ओळखायची? चप्पल उलटी करा. तळाच्या कडेनं चामड्याच्या वादीची शिलाई दिसली पाहिजे, खिळे नकोत. कान, म्हणजे बाजूच्या चामडी पट्ट्या, तळात नीट शिवलेत का बघा, नुसते चिकटवलेले असले तर पहिल्या पावसात सुटतात. नवी चप्पल करकरते, अंगठ्याला थोडी चावते. तेल लावून आठवडाभर घरात वापरायला सांगा नवरदेवाला, थेट मांडवात नको. नाहीतर सप्तपदी लंगडत व्हायची!

नोव्हेंबरच्या ९ ते ११ किंवा ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारीच्या आसपास येणार असाल तर संध्याकाळी महाद्वारासमोर (देवळाच्या पश्चिम दरवाजासमोर) खरेदी ठेवू नका. किरणोत्सव असतो. मावळतीची किरणं हा रस्ता ओलांडून महाद्वारातून थेट अंबाबाईच्या मूर्तीपर्यंत जातात, आणि वाटेत आडव्या येणाऱ्या इमारती-बोर्डांवरून चर्चाही रंगते. बघायला जरूर या, पण हातात पिशव्या नकोत.

भूक लागली तर खासबागेजवळ भेळ खा. पापाच्या तिकटीवरून पुढं गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध मिळतं, समोर धार काढून. सगळ्यांना पचत नाही, पुण्याच्या पाहुण्यांना आधी अर्धाच ग्लास द्या.

परत येताना शिवाजी चौकातून बिंदू चौक जवळ पडतो, उलटं फिरायला नको. आणि तारीख ठरवताना अनंत चतुर्दशी टाळा. मिरजकर तिकटी, बिनखांबी, महाद्वार, पापाची तिकटी हाच विसर्जन मिरवणुकीचा मुख्य मार्ग आहे, दुसऱ्या दिवसापर्यंत हलत नाही.